ठेवायचं काय ते आत्ता सांगा

लिमयेबाई रिकाम्या खोलीचं दार वाजवून आत जायच्या. दोनदा टकटक करायच्या, थोडं थांबायच्या आणि मग कडी काढायच्या. कडी बाहेरून असायची. म्हणजे आत कुणी नाही हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग वाजवताय कशाला?"

"सवय लावून घेतलीय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाजवलं.

कुणी म्हणेल बाई वेडी झाली असणार. नव्हती झाली. माझ्या चुलतसासूला वेड लागलं होतं, त्यामुळे वेड कसं असतं ते मला ठाऊक आहे. लिमयेबाईंचं डोकं शेवटपर्यंत जाग्यावर होतं. डोकं जाग्यावर असलेली बाई रिकाम्या खोलीचं दार वाजवते, म्हणूनच ते विसरता येत नाही.

नारायण पेठेत आमची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यावर मी चालवली. आता सून बघते आणि मी गल्ल्यापाशी बसून तिच्या चुका काढते. तेव्हा गिरणी ज्या इमारतीत होती तिच्या वरच्या मजल्यावर लिमयेबाईंचा क्लास होता. आधी टायपिंगचा. सकाळी आमचा पट्टा फिरायला लागायचा आणि वर त्यांची मशीनं सुरू व्हायची. खाली घरघर, वर खडखड. मग टायपिंगचे दिवस गेले, कॉम्प्युटर आले आणि वरची खडखड थांबली. क्लासच्या मागेच त्यांचं घर होतं. स्वयंपाकघर, एक मोठी खोली आणि ती लहान खोली.

आमची ओळख भांडणातून झाली. एक दिवस बाई कॉम्प्युटरच्या डब्याचं पत्र्याचं झाकण हातात घेऊन खाली आल्या. उंच, सडपातळ, खळ घातलेली सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा. झाकणावरून बोट फिरवलं आणि ते पांढरं बोट माझ्यापुढे धरलं.

"हे आपलं का?"

मी बोटाला बोट लावून बघितलं. "गहू आहे. जाडसर दळलेला."

"माझ्या मशीनमध्ये आहे. मला त्यात पोळ्या करायच्या नाहीत."

"मग खिडकी लावून घ्या."

"उकडतं."

"मग पोळ्या करा."

दुसरी कुणी असती तर तक्रार करायला गेली असती. बाई तोंडाच्या एका बाजूने हसल्या आणि वर गेल्या. दुसऱ्या दिवशी आपली जुनी साडी घेऊन आल्या आणि आमच्या मागच्या खिडकीला स्वतः बांधली. ओली करून. जाताना म्हणाल्या, "रोज ओली करायची. विसरलात तर मी पट्ट्यात पाणी ओतेन." मी विसरले नाही. पुढे त्यांचा दळणाचा डबाही माझ्याकडेच यायला लागला.

शिकवण्यात फार कडक. पंधरा वर्षांच्या पोरालाही अहो-जाहो करायच्या, आणि ते अहो-जाहो शिवीपेक्षा जास्त लागायचं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभ्या असायच्या आणि नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "अहो कुलकर्णी, आपली करंगळी रजेवर आहे का?" टायपिंग शिकवून शिकवून त्यांच्या बोटांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. गप्पा मारत बसल्या की हात मांडीवर असायचे आणि बोटं चालू असायची. तोंडाने माझ्याशी बोलताहेत आणि बोटांनी दुसऱ्याच कुणाला काही लिहिताहेत, असं वाटायचं. मला ते बघवायचं नाही. मी त्यांच्या हातात चहाचा कप द्यायची, म्हणजे बोटं गप्प व्हायची.

क्लासच्या जोडीला त्या लोकांचे रेंगाळलेले कॉम्प्युटर कोरे करून द्यायच्या. मला यातलं कळत नाही, पण इतकी वर्षं समोर बसून बघितलं तेवढं सांगते. कॉम्प्युटर काही वर्षं वापरला की जड होतो. बटण दाबलं तरी उघडायला वेळ घेतो. मग आतलं सगळं पुसून टाकायचं आणि मुळातलं जे काही असतं ते पहिल्यापासून नव्याने घालायचं. लोक याला फॉरमॅट मारणं म्हणतात. बाईंना तो शब्द चालायचा नाही. "मारायला मी खाटीक आहे का? कोरं करणं म्हणा."

त्यांचे दोन नियम होते. मशीन ज्याचं, त्याने शेजारी बसायचं. बाई आधी विचारणार, "ठेवायचं काय ते आत्ता सांगा. नंतर रडायला माझ्याकडे यायचं नाही." तो सांगेल तेवढं त्या बाजूला काढून ठेवायच्या. आणि शेवटचं बटण, ज्याने सगळं पुसलं जातं, ते मालकाने स्वतः दाबायचं. त्या दाबायच्या नाहीत. "दुसऱ्याच्या घरातलं सामान मी रस्त्यावर टाकत नाही," म्हणायच्या.

एकदा एक गृहस्थ आले. मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "करून ठेवा, मी संध्याकाळी नेतो."

"देवळात अभिषेक सांगून गेल्यासारखं सांगू नका. बसा."

बसले. "ठेवायचं काय?"

"सगळंच ठेवायचंय हो."

"मग पुसायचं काय?"

"तो तुमचा प्रश्न. मला वेग हवाय."

बाई म्हणाल्या, "आपण घरातली सगळी भांडी डोक्यावर घेऊन पर्वती चढा, आणि वर पोचलात की मला वेगाबद्दल सांगा." गृहस्थ रागावून उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि मुकाट्याने एकेक निवडत बसले. जेवायच्या वेळेपर्यंत बसले होते.

दुसरी एक बाई आली होती, नवरा नुकताच गेलेला. मशीन त्याचं. भावाने सांगितलं होतं म्हणून आणलं होतं. सगळं निवडून झालं, शेवटच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते बोट काही खाली जाईना. लिमयेबाईंनी दोन मिनिटं वाट बघितली आणि मशीन बंद केलं. "घेऊन जा घरी. हळू चालतंय ते चालू दे."

ती गेल्यावर मी म्हटलं, "धंदा करायची ही कुठली पद्धत?"

"तिला वेग नको होता, सुमनबाई. तिला आतल्या पंख्याचा आवाज हवा होता. तो बसला असताना यायचा तो."

हे त्यांना कसं कळलं, ते सांगायचं तर अमेयचं सांगावं लागेल.

अमेय त्यांचा एकुलता एक मुलगा. इंजिनिअरिंगला होता. बोटं आईसारखी, बोलणं मात्र बापासारखं, म्हणजे नाहीच. दळणाचा डबा घेऊन यायचा, "काकू, बारीक," एवढं म्हणायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. त्या लहान खोलीत त्याने स्वतःचा कॉम्प्युटर जोडला होता, सुटे भाग आणून. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते. दुरुस्तीसाठी म्हणून सकाळी घालवतात आणि दुपारी कधीतरी येते. अमेयने आपल्या मशीनला असं काही करून ठेवलं होतं की लाइट आली की ते आपलं आपण सुरू व्हायचं. क्लासमधली मशीनं हात लावल्याशिवाय उठायची नाहीत. हे एकटंच उठायचं.

गुरुवारी माझी गिरणी बंद आणि बाईंचा क्लास बंद. त्यामुळे मी वर जाऊन बसायची. पंखा नाही, दिवा नाही, पडदे ओढलेले, आणि आम्ही दोघी चहा घेत. आमची मैत्री म्हणायची तर ती गुरुवारची.

एका दिवाळीच्या आधी बाईंनी अमेयचं मशीन उघडलं. क्लासमधलं कुठलंही मशीन उघडायचं ही त्यांची सवय, तसंच तेही उघडलं. त्यात त्यांना कळलं की मुलगा वर्षभर कॉलेजला गेलेलाच नाही. रोज डबा घेऊन निघायचा आणि कुठेतरी दिवस काढून यायचा. बाईंनी ते त्याला एकट्याला विचारलं नाही. भाऊबीजेला पाहुणे जेवायला बसलेले असताना, ताट वाढलेलं असताना, विचारलं. मी तिथे नव्हते. हे मला बाईंनीच सांगितलं आणि सांगताना स्वतःला कुठेही वाचवलं नाही.

तो चिडला नाही. जेवण पुरं केलं, हात धुतले, खोलीत गेला आणि मशीनला पासवर्ड घातला. म्हणजे किल्ली. ती माहीत असल्याशिवाय मशीन उघडत नाही. मग बाहेर येऊन म्हणाला, "आई, यापुढे दार वाजवून यायचं. आणि माझ्या मशीनला मी नसताना हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी आम्ही दोघी अशाच अंधारात बसलो होतो. जिन्यात चपला वाजल्या. अमेयच्याच. आम्ही दोघींनी ऐकल्या आणि दोघींनीही मान वळवली नाही. जातो-येतो मुलगा, त्यात काय बघायचं.

दुपारी लाइट आली. आतल्या खोलीत बीप वाजलं आणि पंखा घरघरला.

बाईंनी बसल्या जागेवरून हाक मारली. "आलास का रे? चहा ठेवू?"

उत्तर नाही. त्या उठल्या, दार वाजवलं, थांबल्या. पुन्हा वाजवलं. शेवटी मीच म्हटलं, "अहो, उघडा की."

आत मशीन चालू होतं. पडद्यावर त्याचं नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. मला इंग्रजी येत नाही, माझी शाळा चौथीपर्यंत. पण त्या नावाचा आकार त्या दिवशी डोळ्यांत बसला तो बसला. कळफलकावर त्याचा फोन ठेवलेला होता. खाटेवरची चादर ताणलेली, पुस्तकं रचलेली, केर काढलेला. त्या मुलाची खोली इतकी आवरलेली मी कधी पाहिली नव्हती. मला तिथेच कळलं. बाईंना संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

पोलिसात कळवलं. त्यांनी फोन तपासला तर तो कोरा. दुकानातून आणल्यासारखा. आईचीच विद्या. मग ते म्हणाले, मशीन द्या. बाई म्हणाल्या, "मुलगा सज्ञान आहे, आपल्या पायांनी गेलाय. मशीन त्याचं आहे." पोलिसांनीही फार ताणलं नाही. मोठी मुलं घर सोडून जातात, त्यांना त्याचं काय.

पण बाकी सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, माझ्याही. फोन त्याने पुसला. मशीन पुसायलाही त्याला येत होतं, ते मात्र पुसलं नाही. म्हणजे आत काहीतरी मागे ठेवलंय. कुठे गेला, का गेला, काहीतरी.

मी सरळ विचारलं, "किल्लीशिवाय उघडता येत नाही का?"

"येतं की. स्क्रू काढायचे, आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची. चहा उकळेपर्यंत सगळं समोर."

"मग?"

"कबूल केलंय मी."

"बाई, पोरगं गेलं, आणि तुम्ही शब्द कसले पाळताय?"

"त्याने मशीन पुसलं नाही म्हणून आत काहीतरी आहे असं सगळे म्हणतात. असेलही. किंवा मी हात लावते का, एवढंच बघायचं असेल त्याला. परत आला तर पहिलं तेच विचारेल."

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. मी असते तर त्याच दुपारी स्क्रू काढले असते. नसते निघाले तर बत्त्याने फोडलं असतं. पण मशीन माझं नव्हतं आणि मुलगाही माझा नव्हता.

त्यानंतर वर्षं गेली. गुरुवार मात्र तोच राहिला. लाइट आली की आत बीप व्हायचं, पंखा घरघरायचा. बाई उठायच्या, दार वाजवायच्या, थांबायच्या. मशीन जुनं होत गेलं तसं नाव पडद्यावर यायला जास्त जास्त वेळ लागायला लागला. लोकांची मशीनं कोरी करून देणाऱ्या बाईंच्या घरात सगळ्यात रेंगाळलेलं मशीन ते होतं. त्या दारापाशी उभ्या राहायच्या, आत घरघर चालू असायची, आणि तेवढा वेळ, खोटं कशाला सांगू, मलाही वाटायचं की आत कुणीतरी बसलंय आणि आता उठून कडी काढेल. कडी बाहेरून आहे हे विसरायला व्हायचं. मग नाव यायचं, बाई आत जायच्या, पाच मिनिटं खुर्चीपाठी उभ्या राहायच्या आणि मशीन बंद करून यायच्या. कळफलकाला हात नाही. बंद करायचं ते भिंतीवरचं बटण दाबून, आणि पुढच्या गुरुवारी लाइट गेली की ते बटण परत चालू करून ठेवायचं.

त्यांचे यजमान विमा कंपनीतून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. घरात बनियनवर असायचे. पण गुरुवारी दुपारी अंगात शर्ट घालायचे. इस्त्रीचा. बटणं गळ्यापर्यंत. कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. लाइट येऊन मशीन बंद झालं की ते शर्ट काढून खुंटीला लावायचे. काही वर्षांनी ते गेले. तेही गुरुवारीच गेले असते तर गोष्ट झाली असती. तसं काही नाही, मंगळवारी गेले, दवाखान्यात.

मग इमारत पाडायची ठरली. आम्हाला समोरच्या गाळ्यात जागा मिळाली. बाईंचे दीर विश्वासराव कोथरूडला राहतात. त्यांनी आपल्याच सोसायटीत बाईंसाठी जागा बघितली. माणूस वाईट नाही, फक्त आवाज मोठा. रविवारी आले तेव्हा मी वरच होते.

"वहिनी, शनिवारी टेम्पो सांगितलाय. सगळं सामान एका खेपेत जाईल. तो आतला कॉम्प्युटर मात्र मी माझ्याकडे नेतो."

"कशाला?"

"ओळखीचा माणूस आहे. आत काय आहे ते काढून देईल. बास झालं आता."

"मला काढता येतं."

"येतं, पण काढलंत का? दादा जाताना दाराकडे बघत होता, वहिनी. मी होतो तिथे. तुम्ही वेळेवर आत बघितलं असतंत तर त्याला पोराचा ठावठिकाणा तरी कळला असता."

"कदाचित."

"कदाचित काय कदाचित! शब्दबिब्द काही नाही. त्याने तुमच्याबद्दल काय लिहून ठेवलंय, त्याची भीती वाटते तुम्हाला."

मला वाटलं आता बाई त्याला जिना दाखवणार. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला.

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "भीती वाटते आणि शब्दही दिलाय. दोन्ही खरं आहे. चहा घेणार का?"

विश्वासरावांनी चहा घेतला नाही. जाताना जिन्यातून ओरडले, "शनिवारी मी नेणार म्हणजे नेणार."

बुधवारी सकाळी बाईंनी वरून हाक मारली. "सुमनबाई, वर या. आणि हात धुऊन या."

गेले. अमेयचं मशीन क्लासच्या टेबलावर आणून ठेवलेलं होतं. बाजूला त्यांचा पेन ड्राइव्ह, ज्यातून त्या नव्याने सगळं घालायच्या तो.

"कोरं करणार?" मी विचारलं.

"शनिवारच्या आत. नाहीतर कुणीतरी परका माणूस उघडून बघेल आणि विश्वासभावजींना वाचून दाखवेल. जेवणाच्या ताटावर."

मी म्हटलं, "आधी तुम्ही बघा. एकदा. मी जिन्यात थांबते, कुणाला सांगायची नाही."

"आपल्याला बघायचंय का?"

"हो."

"मलाही," बाई म्हणाल्या. त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली होती. मी इकडेतिकडे बघितलं, पण त्या दिवशी चहा केलेला नव्हता.

मग त्यांनी मशीन सुरू केलं. त्याचं नाव येण्याआधीच मधे काही बटणं दाबली आणि दुसराच पडदा आला. म्हणाल्या, पुसण्याच्या दोन तऱ्हा असतात. वरवर पुसलं तर जाणकाराला खालचं परत काढता येतं. पुरतं पुसलं तर कुणालाच नाही. आपण पुरतं पुसायचं. वेळ लागेल.

सगळं लावून झालं. शेवटचं बटण राहिलं. बाईंनी हात मागे घेतला.

"मालक हजर नाही," त्या म्हणाल्या.

"नियम तुमचाच."

"म्हणून आपल्याला बोलावलं. तुम्ही दाबा."

"मी नाही दाबणार. माझं पोर नाही."

खाली सुनेने गिरणी चालू केली, टेबल थरथरायला लागलं. मग बाई म्हणाल्या, "मग विचारा तरी."

"काय विचारू?"

"मी सगळ्यांना विचारते ते."

मी विचारलं. "ठेवायचं काय ते आत्ता सांगा. नंतर रडायला माझ्याकडे यायचं नाही."

शाळेतल्या मुलीसारख्या त्या विचार करत बसल्या. इतकी वर्षं हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

"नाव," त्या म्हणाल्या. "नाव तेवढं ठेवू."

मग आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "दाबते रे." आणि दाबलं.

दुपार टळेपर्यंत ते चाललं होतं. जेवायला मी त्यांना खाली बोलावलं, आल्या नाहीत. मालकाने शेजारी बसायचं असतं म्हणाल्या. मग भाकरी वर नेली. पुसून झालं, नवीन घालणं सुरू झालं. मशीन मधूनच आपलं आपण बंद व्हायचं आणि बीप करून उठायचं. शेवटी पडद्यावर काहीतरी विचारलं. बाईंनी मला वाचून दाखवलं, "हे मशीन कोण वापरणार?"

त्यांनी नाव लिहिलं. दहाही बोटं कळफलकावर नीट ठेवून, विद्यार्थ्यांना शिकवायच्या तसं. मी आकार ओळखला. मग पासवर्डची चौकट आली. ती त्यांनी रिकामीच ठेवून पुढे नेलं.

"किल्ली नाही?"

"नको. आला तर अडकायला नको."

आणि मशीन उघडलं. निळा पडदा, आणि त्यावर एक केराची टोपली. टोपलीतही काही नव्हतं.

शनिवारी टेम्पो आला तेव्हा मी सासवडला भाचीच्या साखरपुड्याला होते. सोमवारी आले तर वरच्या मजल्याला कुलूप. बाई कोथरूडला गेल्या त्या परत इकडे आल्या नाहीत आणि मीही गेले नाही. माझे गुडघे, त्यांचा दम. फोनवर दोनदा बोललो. त्यांना फोनवर बोलता यायचं नाही, नुसत्या श्वास घ्यायच्या. वर्षाच्या आत गेल्या.

दहाव्यानंतर विश्वासराव गिरणीत आले. दळण घेऊन नाही.

"तो कॉम्प्युटर मी सुरू करून बघितला. लगेच उघडला. आत काहीच नाही. तुम्ही होतात ना त्या वेळी?"

"होते."

"पुसायच्या आधी वहिनींनी बघितलं होतं ना?"

"नाही."

"खात्रीने?"

"समोर बसले होते मी."

त्यांचा विश्वास बसला नाही, ते चेहऱ्यावर दिसलं. माणूस असं करूच शकत नाही असं त्यांना वाटतं. बाईंनी आदल्या दिवशी, मी नसताना, दार लावून सगळं वाचलं असणार आणि काय होतं ते मला सांगितलं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलंय. अजून मधूनच येतात आणि इकडचं तिकडचं बोलून तिथेच येतात. त्यांना मी काय सांगणार. त्या मुलाने आत पत्ता ठेवला होता, शिव्या ठेवल्या होत्या, का काहीच ठेवलं नव्हतं, हे आता या जगात एकट्या त्यालाच ठाऊक. तो असला तर.

इमारतीच्या जागी सध्या खड्डा आहे आणि भोवती पत्रे. गुरुवारी लाइट आली की समोरच्या गाळ्यातून माझी मान वर जाते. वर आता आभाळच आहे.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी. लाइट गेलेली, गिरणी बंद, म्हणून वर गेले. अर्धं सामान खोक्यांत भरलेलं होतं. मशीन त्यांनी परत खोलीत नेऊन ठेवलं होतं, वायरी लावून, बाहेरून कडी घालून. आम्ही चहा घेतला. आदल्या दिवसाबद्दल कुणीच बोललं नाही. शेवटी मी विचारलं, "आता लाइट आली की ते सुरू होणार नाही ना? सगळंच पुसलंत."

"होईल," त्या म्हणाल्या. "लाइट आली की उठायचं, हे डिस्कवर नसतं, सुमनबाई. आतल्या बोर्डावर असतं. मी पुसलं त्यात ते येत नाही. ते त्याने लावलं तसंच आहे."

तेवढ्यात लाइट आली. आत बीप झालं. बाई लगेच उठल्या. नेहमी त्यांना घाई नसायची. कप खाली ठेवणं, पदर सावरणं, दारापर्यंत जाणं, वाजवणं, थांबणं, पुन्हा वाजवणं, सगळं करूनही ते मशीन घरघरतच असायचं. त्या दिवशी त्या दारापाशी पोचल्या, हात वर केला, आणि दाराखालच्या फटीतून निळा उजेड बाहेर आला. झालंही होतं उघडून.

हात तसाच वर होता.

"फार लवकर उघडतं आता," त्या म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या नाहीत. "इतक्या लवकर उघडलं की आत कुणी नाही हे लगेच कळतं. आधी तेवढा वेळ तरी मिळायचा."

खालून गिऱ्हाइकं ओरडायला लागली होती, लाइट आली, आजी, गिरणी चालू करा. मी निघाले. जिन्याच्या वळणावरून मागे बघितलं तर बाई पाठमोऱ्या, मूठ दाराला टेकलेली, आणि पावलांवर तो निळा उजेड. मग त्यांनी वाजवलं. दोनदा. आता कडीचा आवाज येईल म्हणून मी वळणावर थांबून राहिले.

तो आला नाही. खाली सुनेने पट्टा चालू केला, आणि त्यानंतर काही ऐकू येणं शक्य नव्हतं.